विंडोज ११ आणि एसएमबी १ ला निरोप: गंजगोलाईमागच्या एका छापखान्यातून

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना आहे, १९९६ पासून. लग्नपत्रिका, आडत दुकानांच्या हिशोबपट्टीची बुकं, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असलं काम. २०२५ च्या दसऱ्याला काउंटरसाठी नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्यावर विंडोज १० होतं आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं शेतात उभं सोयाबीन गेलं, त्यामुळं मोंढ्यातल्या बुकांच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. तरी छातीवर दगड ठेवून घेतला. त्यात विंडोज ११ प्रो आलं, २४एच२ व्हर्जन.

हा अभिप्राय अख्ख्या विंडोजचा नाही. त्यातल्या एकाच गोष्टीचा आहे. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावरून उघडायची जी सगळ्यात जुनी पद्धत आहे, एसएमबी १, ती या विंडोजमध्ये मुळातच बंद येते. आमच्यासारख्या जुन्या दुकानांना याचा पहिल्या दिवशी धक्का बसतो. मलाही बसला. तो कसा बसला आणि महिन्याभरानं माझं मत काय झालं, ते सांगतो.

मागच्या खोलीत आमचा विंडोज एक्सपीचा डबा आहे, म्हणजे जुना कॉम्प्युटर. त्यावर पेजमेकर ६.५ आणि जुन्या मराठी फाँटचं पॅकेज. त्या पॅकेजचं डोंगल, म्हणजे ते चालू करणारी किल्ली, जुन्या प्रिंटर पोर्टला लागतं, जो आताच्या कॉम्प्युटरला नसतोच. म्हणून तो डबा टिकून आहे. आमची सगळी जुनी कामं त्यावर, ‘जॉब’ नावाच्या एका शेअर फोल्डरमध्ये, सालाप्रमाणे लावलेली. दसऱ्याला ऑफसेट मशीनला हार घातला तसा त्यालाही झेंडूचा हार घातला होता. त्यानं आमचं घर चालवलंय.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी औसा रोडकडचे एक काका आले. मोठ्या मुलीची पत्रिका आम्हीच केली होती, २००९ ला. आता धाकटीचं लग्न. खिशातून घडी घातलेली जुनी पत्रिका काढून म्हणले, “अगदी अशीच करा. अक्षर हेच, गणपती हाच. मोठीनं हट्टच धरलाय.” मी म्हणलं, “बसा काका, दोन मिनिटांत काढतो,” आणि काउंटरवरून ‘जॉब’ फोल्डर उघडायला गेलो. उघडलं नाही. समोर इंग्रजीत पाटी आली. मतलब असा, की हा शेअर सुरक्षित नाही, याला एसएमबी १ नावाचा कालबाह्य प्रोटोकॉल लागतो, त्यानं तुमच्या सिस्टिमवर हल्ला होऊ शकतो, एसएमबी २ किंवा त्यापुढचा पाहिजे.

ती पाटी मला आता फार आवडते. त्या वेळी राग आला होता. पण बघा, तिच्यात काय अडलंय, का अडलंय आणि काय पाहिजे, तिन्ही सांगितलंय. नुसता आकड्यांचा एरर फेकून दिला असता तर मी वायर हलवत बसलो असतो.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. आमचं २०११ चं कॉपियर मशीन स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकायचं, तेही पडेना. आणि नेटवर्कवरची हार्डडिस्क, जिच्यावर फ्लेक्सची डिझाइनं असतात, तीही उघडेना. तिला आम्ही कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता. तुळशीचं लग्न महिन्यावर आलेलं, त्यानंतर लग्नसराई. अशा टायमाला हे.

ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला तिथं फोन केला. तिथल्या पोरानं रिमोट घेतलं आणि दहा मिनिटांत सगळं चालू करून दिलं. मी बघत होतो. त्यानं आधी ‘विंडोज फीचर्स’ची यादी उघडली, त्यात ‘एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’ असा एक चौकोन आहे, त्यावर टिक मारली. त्याखाली तीन पोटचौकोन असतात: क्लायंट (दुसऱ्याच्या फाइली उघडायला), सर्व्हर (आपल्या फाइली दुसऱ्याला द्यायला) आणि आपोआप काढून टाकणं. त्यानं पहिल्या दोघांवर टिक ठेवली आणि तिसऱ्याची काढली. मग पॉवरशेलच्या निळ्या खिडकीत दोन आज्ञा दिल्या. एकीनं सहीची सक्ती काढली; सही म्हणजे मजकूर वाटेत कुणी बदलला नाही याची खूण. दुसरीनं पासवर्डाशिवाय येणाऱ्या पाहुण्याला परवानगी दिली. त्या दुसऱ्या सेटिंगच्या नावातच ‘इनसिक्युअर’ हा शब्द आहे. मी विचारलं, “हे बरोबर हाय का?” तो म्हणला, “सगळेच असं करतेत सर.” काम चालू झालं, काकांची फाइल उघडली, आणि मला रात्री झोप लागली नाही.

झोप का लागली नाही, त्याला कारण आहे. २०१७ च्या मे महिन्यात मोंढ्यातले आमचे एक जुने आडत्ये सकाळी सकाळी दुकानात आले होते. चेहरा उतरलेला. त्यांच्या हिशोबाच्या कॉम्प्युटरवर लाल रंगाची खिडकी आली होती, डाव्या बाजूला उलटी मोजणी करणारी दोन घड्याळं, आणि ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा म्हणून मजकूर. वॉनाक्राय नावाचा किडा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. वर्षभराची खतावणी, उचल, शेतकऱ्यांची बाकी, सगळ्या फाइली कुलूपबंद. बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर, म्हणजे तोही गेलेला.

ते माझ्याकडं कशाला आले? आमच्याकडं एक वही असते. कुठल्या दुकानाला कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंतचं बुक छापून दिलं, तारखेनिशी. ती वही बघून त्यांनी ठरवलं की एकूण बुकं किती असायला पाहिजेत. मग गाळ्यातल्या कपाटातनं, पोत्याखालनं, मुनिमाच्या घरातनं एकेक बुक शोधलं आणि कार्बन कॉपीवरनं अख्खं वर्ष पुन्हा लिहून काढलं. दोन बुकं मिळालीच नाहीत. त्यातल्या पट्ट्यांसाठी शेतकऱ्यांकडंच विचारायला जावं लागलं. पेरणीच्या तोंडावर, जून महिन्यात, शेतकरी उचल मागायला दारात उभा आणि ह्यांच्याकडं त्याचं खातंच नाही. मी तेव्हा त्यांच्यासोबत दोन रात्री बसलो होतो, वही घेऊन. कार्बनचा निळा डाग बोटावरून आठवडाभर गेला नव्हता.

तो किडा याच एसएमबी १ च्या भोकातून शिरत होता. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेनं त्या भोकाचा वापर करणारं हत्यार बनवून ठेवलं होतं, एटर्नलब्लू नावाचं. ते चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीनं ते उघड्यावर टाकलं. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती त्याच्याही आधी, १४ मार्चला दिली होती. १२ मे ला, शुक्रवारी, वॉनाक्राय सुटला तोवर ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांवर कॉम्प्युटर, ब्रिटनमधले सरकारी दवाखाने ठप्प. कुणी कुठल्या लिंकवर बोट ठेवायचीही गरज नव्हती. एक कॉम्प्युटर सापडला की त्याच नेटवर्कमधले बाकीचे ४४५ नंबरच्या पोर्टवरनं आपोआप. एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिललाच संपला होता, तरी कंपनीला त्या आठवड्यात एक्सपीसाठीसुद्धा खास दुरुस्ती काढावी लागली.

आणि मी काय केलं होतं? काउंटरवरच्या कोऱ्या करकरीत कॉम्प्युटरच्या तीन कड्या एका संध्याकाळी काढून ठेवल्या होत्या.

सकाळी आमच्या गल्लीतल्या पोराला बोलावलं. पॉलिटेक्निक झालंय, दवाखान्यांचं आणि क्लासेसचं नेटवर्क सांभाळतं. त्यानं आल्या आल्या काही बदललं नाही, आधी बसून ऐकलं. मग म्हणलं, “काका, तुमच्या दुकानात कोण कोणाशी कोणत्या बोलीत बोलायलंय ते बघू आधी.” मला वाटलं तो समजावून सांगण्यासाठी असं म्हणतोय. पण नाही. त्यानं पॉवरशेल उघडून ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ अशी आज्ञा दिली, आणि जो तक्ता आला त्यात शेवटाकडं एक रकाना होता, त्याचं नावच ‘डायलेक्ट’. बोली. एक्सपीच्या ओळीत १.५ लिहिलेलं. म्हणजे एसएमबी १. हार्डडिस्कच्या ओळीतही तेच.

दोन कॉम्प्युटर भेटले की आधी एकमेकांना सांगतात, मला अमुक अमुक बोली येतात. दोघांना येणारी सगळ्यात नवी बोली ठरते आणि पुढचं बोलणं तिच्यात होतं. उदगीरकडचा माणूस घरात कानडी बोलतो, बाजारात मराठी, कुणी हैदराबादचा आला की दखनी, तसंच. एक्सपीला एकच बोली येते. हार्डडिस्कला मात्र नव्याही येत होत्या, तिच्या सेटिंगमध्ये कुणीतरी तिला जुन्यावरच अडकवून ठेवलं होतं. आमच्याच हातून, २०१४ ला बसवताना.

त्या पोरानं जुन्या बोलीत काय खोट आहे हे मला नीट सांगितलं, ते थोडक्यात लिहितो, कारण हे दुकानदारांना कुणी सांगत नाही. ही पद्धत १९८० च्या दशकात आयबीएममध्ये डॉसच्या काळात सुरू झाली. बॅरी फायगेनबॉम या माणसानं ती पहिल्यांदा बांधली. तेव्हा ऑफिसातले चार कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत होते, बाहेरचं कुणी त्या वायरीत येतच नव्हतं. त्यामुळं एसएमबी १ मध्ये जाणारा मजकूर गुप्त करायची सोय नाही. सही आहे पण ती जुन्या, कमकुवत हिशोबाची. आणि बोली ठरवतानाच मधे कुणी घुसून दोघांना खालच्या बोलीवर आणलं तर ते कळायची सोय नाही. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबी २ आली. जुन्या बोलीत शंभरावर आज्ञा होत्या, त्या हिच्यात एकोणीसवर आणल्या. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर एसएमबी ३ आली, तिच्यात मजकूर गुप्त करायची सोय झाली. विंडोज १० पासून ३.१.१.

म्हणजे पर्याय येऊन वीस वर्षं होत आली. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा ही पद्धत सांभाळणारे नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे वॉनाक्रायच्या आठ महिने आधी, जाहीरपणे लिहिलं होतं की एसएमबी १ वापरणं थांबवा. एकच वाक्य तीनदा लिहिलं होतं. मला हे वाचून कळवळलं. माणूस ओरडून सांगत होता आणि आमच्या मोंढ्यापर्यंत ते आलंच नाही.

आता मूळ अभिप्राय. बंद करायची ही पद्धत मला पटली, आणि मनापासून पटली. मी याआधीही असे निरोप बघितलेत. विंडोज ९८ च्या काळात दोन कॉम्प्युटर जोडायला आम्ही नेटबीईयूआय टाकायचो. एक्सपी आलं आणि ते सपोर्टमधून गेलं, सीडीच्या एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असायचं, ज्याला माहीत त्यालाच सापडायचं. पुण्याचे मॅकवाले छापखाने ॲपलटॉकवर चालायचे, ते २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये काढलं. एसएमबी १ च्या बाबतीत मात्र पायरी पायरीनं केलंय. २०१७ च्या शेवटी विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून सर्व्हरची बाजू बंद येऊ लागली. घरगुती आणि प्रो विंडोजमध्ये क्लायंट ठेवला, पण तो पंधरा दिवस वापरला गेला नाही तर स्वतःहून निघून जायचा. त्या पंधरा दिवसांत कॉम्प्युटर बंद असलेला वेळ धरत नाहीत. हा बारकावा ज्यानं कुणी ठरवला त्याला नमस्कार. लग्नाला गेलो, दुकान आठ दिवस बंद, म्हणून काही तुटणार नाही. ज्याला गरज नाही त्याच्याकडून गुपचूप काढून घ्यायचं, ज्याला आहे त्याला अडवून कारण सांगायचं, आणि अगदीच अडलं तर त्यानं स्वतःच्या हातानं टिक मारायची.

२४एच२ मध्ये प्रोला आणखी दोन गोष्टी आल्या: सही सक्तीची, आणि पासवर्डाशिवाय पाहुणा चालणार नाही. एसएमबी १ सोडूनही बऱ्याच दुकानांत याच दोन गोष्टींनी काम अडतंय, आणि लोक नाव एसएमबी १ चं घेतायत. दोन्हींत फरक करा. आमच्या हार्डडिस्कला बोली नवी दिली तरी ती उघडली नाही, कारण पासवर्डच नव्हता. तिच्यावर दोन खाती काढली, एक काउंटरचं, एक डीटीपी करणाऱ्या ताईंचं, आणि लगेच उघडली.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. आधी त्या तिन्ही कड्या परत लावल्या. टिक काढली, सही सक्तीची केली, पाहुणा बंद.

कॉपियरचा प्रश्न चिवट होता. कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला तर त्यानं मशीन न बघताच नवं घ्या म्हणून सांगितलं, दीड लाखाचं कोटेशन व्हॉट्सॲपला पाठवून दिलं. मशीन उत्तम स्कॅन करतंय, काच स्वच्छ आहे, रोलर गेल्याच वर्षी बदललेत. याचा मला अजून राग आहे. मशीन विकताना त्यात कोणती बोली आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि २०११ ला तर एसएमबी २ येऊन पाच वर्षं झाली होती. आमच्या पोरानं मशीनच्या मेन्यूत शोधलं तर स्कॅन एफटीपी नावाच्या फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीनं पाठवायची सोय होती. हार्डडिस्कवर एफटीपी चालू केलं, कॉपियरसाठी एक वेगळं खातं काढलं, त्याला ‘स्कॅन’ या एकाच फोल्डरची परवानगी दिली. मशीन तिथं टाकतं, आम्ही तिथून नव्या बोलीत उचलतो. एफटीपीही जुनंच आहे, मजकूर उघडाच जातो, हे त्यानं आधीच सांगितलं. पण त्या खात्याचा पासवर्ड कुणाला मिळाला तरी हाताला एक फोल्डर लागेल, अख्खं दुकान नाही. आणि राउटरवरून ते बाहेर दिसत नाही ना, हे त्यानं मोबाइलचं नेट लावून माझ्यासमोर तपासलं.

एक्सपीच्या डब्याला इलाज नव्हता. ‘जॉब’ फोल्डर पूर्ण कॉपी करून हार्डडिस्कवर नेला, ३८ जीबी, पेन ड्राइव्हच्या तीन खेपा. मग पोरगा म्हणला, “काका, वायर तुम्हीच काढा.” मागं हात घालून काढायला गेलो तर क्लिप केव्हाच तुटलेली, वायर नुसत्या वजनावर अडकून होती. बोटानं ओढली तशी आली. स्विचवरचा त्याचा हिरवा दिवा विझला. तो डबा आता नुसता टाइपसेटिंगचं मशीन आहे. काम झालं की पेन ड्राइव्हनं पुढं येतं, येताना काउंटरवर व्हायरससाठी तपासलं जातं. दिवसाला पाच-सहा फेऱ्या होतात, ताईंना त्रास आहे, हे खरं. त्यासाठी मी जुने जॉब हळूहळू युनिकोडमध्ये आणतोय. रोज एक.

परत ती आज्ञा दिली. डायलेक्टच्या रकान्यात ३.१.१. एकच ओळ, पण बघून बरं वाटलं.

पोरानं घेतले ९०० रुपये, पाच तासांचे. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत. दीड लाखाचं कोटेशन अजून फोनमध्ये आहे.

विंडोजला या एका गोष्टीसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो यासाठी, की ती पाटी अडवते तेव्हा कारण नीट सांगते, पण पुढं काय करायचं हे सांगत नाही. आपल्या दुकानात कोणतं यंत्र जुन्या बोलीत आहे याची यादी विंडोजनं साध्या खिडकीत द्यायला हवी होती. ती बघायला पॉवरशेल उघडावं लागतं, आणि आमच्या बाजारपेठेत पॉवरशेल उघडणारे किती? म्हणून लोक ज्याला फोन लावतात तो टिक मारून मोकळा होतो. मुद्दाम कुणी वाईट करत नाही, त्यालाही गिऱ्हाइकाचं काम लगेच चालू करून द्यायचं असतं.

तुमच्याकडं कुणी अशी टिक मारून गेला असेल तर आजच ‘विंडोज फीचर्स’ उघडून बघा. टिक दिसली तर आधी यंत्रं मोजा: जुना कॉम्प्युटर, कॉपियर, नेटवर्कची हार्डडिस्क, कॅमेऱ्याचा डीव्हीआर. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ दिसतंय का बघा. बऱ्याच वेळा ते असतं, फक्त निवडलेलं नसतं. हार्डडिस्कचं फर्मवेअर जुनं असेल तर आधी ते अपडेट करा. लिनक्सवरच्या डब्यात सांबा (हीच फाइल शेअरिंगची बोली बोलणारा प्रोग्राम) असेल तर २०१९ च्या ४.११ पासून त्यांनीही जुनी बोली बंदच ठेवलीय, तेव्हा सांबा अपडेट केल्यावर एक्सपीला फाइल दिसेनाशी झाली तर घाबरू नका, तेच कारण आहे. आणि नवं कॉपियर घेताना विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, स्कॅन एसएमबी ३ नं पाठवतं का. उत्तर बिलावर लिहून घ्या.

काकांची पत्रिका झाली. २००९ चाच गणपती, तेच अक्षर. प्रूफ बघायला मोठी मुलगी स्वतः आली होती, आपल्या पोराला कडेवर घेऊन.

ते आडत्ये परवा आले होते, नव्या हंगामाची बुकं न्यायला. थोडीच, पण आले. मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणले, “आमच्या गाळ्यातबी मुनिमाच्या टेबलाखाली एक जुना डबा हाय. काट्याला जोडल्याला. बघता का?” रविवारी मोंढा बंद असतो. मी आणि तो पोरगा सकाळी दहाला जाणार आहोत.